परतूर पॅसेंजर, सावकाश

विनायक, तुझी शोकसभा भिकार झाली. आधी हेच सांगतो, कारण तुलाही आधी हेच ऐकायला आवडलं असतं.

तुझ्या बियाणे कंपनीच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता. फोटोत तू हसतोयस. तो कुठून पैदा केला कोण जाणे. मी तुला परतूरच्या शाळेपासून ओळखतो आणि मला तो चेहरा अनोळखी वाटला. तुमचे मोठे साहेब उठले आणि म्हणाले, "विनायकराव म्हणजे हसतमुख, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व." मागे कोणीतरी खोकलं. मनमिळाऊ! दुपारी तुझ्यासोबत डबा खायला कोणी बसत नव्हतं, कारण दुसऱ्याच्या डब्यातली भाजी बघूनसुद्धा तू नाक मुरडायचास. मग साहेब म्हणाले, "त्यांना संगीताची अतिशय आवड होती," आणि त्यांनी कोणाला तरी खूण केली. स्पीकरवर एका जुन्या सिनेमातलं ते रडकं गाणं लागलं. नवीन जालन्यात कोणीही गेलं की तेच लागतं, मग गेलेला आडत्या असो की आमच्या बँकेचा शिपाई. लोकांनी माना खाली घातल्या, दोघांनी रुमाल काढले. तू असतास तर उठून वायर उपटली असतीस.

मला बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हणालो. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, वाटूरच्या प्लॉटवर कपाशीच्या ओळीत तू कसा खाली बसलास आणि उठलाच नाहीस, हे सगळं पेपरात येऊन गेलंय. त्यापलीकडे तुझ्याबद्दल सांगण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती त्या हॉलात सांगितली असती तर लोकांनी मला पाणी पाजून खाली बसवलं असतं. अख्ख्या जालना जिल्ह्यात साल्सा, म्हणजे दक्षिण अमेरिकेकडचं ते नाचायचं संगीत, ऐकणारा तू एकटा माणूस होतास. आणि तू तो आयुष्यभर चुकीचा ऐकलास.

कोलंबियाहून तो पाहुणा आला तेव्हा आपण दोघं नोकरीला नवे होतो. रामीरो नाव. मक्याचं वाण बघायला आलेला. कंपनीने त्याला गेस्ट हाऊसवर ठेवला आणि तुला त्याच्या दिमतीला दिला, कारण बाकीच्यांना इंग्रजी बोलायची लाज वाटायची आणि तुला कशाचीच वाटत नव्हती. तुम्ही दोघं जीपने प्लॉट हिंडायचात. तो कानाला वायर लावून, गुडघ्यावर बोटं आपटत बसायचा. त्याचं तिखट खाणं आणि घाम पुसणं एवढंच आम्हाला दिसलं. जाताना त्याचं सामान जास्त झालं, मक्याची कणसं टाकून देणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने कॅसेटचा खोका तुला दिला. तो खोका म्हणजे तुला जगाने दिलेलं बक्षीस आहे असं तू पुढे सांगत सुटलास. माझ्या मते सामान हलकं करायला मिळालेला तू एक हमाल होतास. हे मी तुझ्या तोंडावर म्हटलं होतं, तेव्हा आज पुन्हा म्हणायला हरकत नाही.

रामीरो जाताना काय बोलला, ते तू इतक्या वेळा ऐकवलंस की मला पाठ आहे. तो म्हणाला म्हणे, साल्सातल्या मोठ्या लोकांची नावं आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतात, त्यांच्या कॅसेटी मी घरी ठेवल्यात. या खोक्यातले लोक वेगळे. त्यांच्याकडे पैसा नव्हता, नशीब नव्हतं, एक-दोन रेकॉर्डी काढल्या आणि संपले. कोणी आता टॅक्सी चालवतो, कोणी शिंपीकाम करतो. यांना आमच्याकडेही कोणी विचारत नाही.

झालं. तुला तेवढंच पाहिजे होतं. ज्यांना त्यांच्या देशातही कोणी विचारत नाही असे वाजंत्री, आणि त्यांना ओळखणारा परतूरचा विनायक. त्या दिवसापासून तुला सगळं जग अडाणी दिसायला लागलं. सिनेमाची गाणी अडाण्यांची, गझल शेट लोकांची, शास्त्रीय संगीत झोप न येणाऱ्यांचं. साल्सातले जे मोठे होते, ज्यांचं एकही गाणं तू ऐकलेलं नव्हतंस, तेसुद्धा तुझ्या लेखी विकले गेलेले. "मोठं नाव झालं की बाजा बिघडतो, सुध्या," असं तू मोंढ्यात चहा पिताना सांगायचास आणि चहावाला मान डोलवायचा, कारण त्याला वाटायचं तू बँडवाल्यांच्या राजकारणाबद्दल बोलतोयस.

बरं, नावं तरी माहीत असावीत? रामीरोने कॅसेटींवर पेन्सिलीने लिहिलं होतं. तू तो खोका जीपमध्ये बियाण्याच्या पोत्यांना टेकवून ठेवलास. बियाण्याला लावायच्या लाल औषधाचा रंग कॅसेटींवर उतरला, आणि तू ओल्या फडक्याने तो पुसताना खालची अक्षरंही पुसलीस. दुसरा कोणी असता तर हळहळला असता. तू खूश झालास. तू स्वतःच बारसं केलंस. ज्या बँडमध्ये दोन ट्रॉम्बोन, ते लांब नळीचे पितळी बाजे, दोन बाजूंनी येऊन एकमेकांवर आदळतात तो 'वाटूर फाटा'. सगळे एकदम ओरडतात आणि तरी व्यवहार होतो तो 'जुना मोंढा'. आणि ज्या गाण्यात पियानो उगाच थांबून थांबून निघतो, निघाला की तेच तेच करत पुढे जातो, मागे चार-पाच जण एकच ओळ धरून बसतात आणि म्हणणारा त्यांच्या अंगावरून वाट काढत राहतो, ती 'परतूर पॅसेंजर'. ते तुझं सर्वांत लाडकं होतं.

मी म्हणायचो, "अरे, रामीरोला पत्र टाक. खरी नावं विचार." तू म्हणायचास, "नाव कळलं की लोक नावच ऐकतात. तुझ्यासारखे." हे भांडण तू कधी संपू दिलं नाहीस. मला आजही त्या लोकांची नावं माहीत नाहीत. कुठल्या तरी गावात कोणीतरी ट्रॉम्बोनवाला म्हातारा झाला असेल, किंवा तुझ्याआधी गेला असेल, आणि त्याला कधीच कळणार नाही की मराठवाड्यात त्याला वाटूर फाटा म्हणत होते. यात तुला फार मोठं काही दिसायचं. मला यात निव्वळ आळस दिसायचा.

या कॅसेटींसाठी तू खास टेप घेतलास. जुन्या बाजारातला. त्याची मोटर आधीच्या मालकाने बदलून घेतली होती आणि ती भलत्याच कसल्या तरी टेपची होती, हे पुढे कळलं. तेव्हा काही कळायला मार्ग नव्हता, कारण त्या टेपवर दुसरी कॅसेट चढवायची नाही असा तुझा कायदा होता. मी एकदा नाट्यगीतांची कॅसेट घेऊन आल्तो. तू ती माझ्या हातातून काढून घेतलीस आणि खिडकीत ठेवलीस. "यावर ते चढवायचं न्हाई. हेड खराब होतं." सुमनवहिनींच्या भजनांनासुद्धा मज्जाव. त्या दिवशी मला ती कॅसेट लावू दिली असतीस, तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं की तुझा टेप हळू चालतोय. इतर सगळ्या संगीताला तू इतकं तुच्छ लेखलंस की स्वतःचा टेप बिघडलेला आहे हे तुला कळलं नाही. असा घोटाळा जगात फक्त तूच करू जाणे.

आणि मग ते लग्न. तुझ्या चुलतभावाचं, परतूरला. बँडवाले गफूरमास्तर दोन आठवडे तुझ्या तावडीत होते. तू त्यांना टेपसमोर बसवून 'परतूर पॅसेंजर' शिकवलंस. मास्तर भला माणूस, पण त्यालाही राहवेना. "विनायकसाब," तो म्हणाला, "ये बारात का है के मय्यत का? इत्ता धीमा क्यूं है?" तू म्हणालास, "मास्तर, जल्दी कशाची आहे? बराबर तसंच वाजवायचं." वरात निघाली. नवरदेवाचे मित्र हात वर करून नाचायला उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. पाय कधी टाकायचा हेच कोणाला कळेना. एकाने शिट्टी मारून बघितली, ती मधेच सुकली. घोडा मात्र खूश होता. तुझे काका तुझ्याकडे असे बघत होते की मला तुझी काळजी वाटली. शेवटी नवरदेवानेच घोड्यावरून ओरडून नेहमीचं गाणं मागितलं. तू रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभा. "या गावाला कान न्हाईत," म्हणालास. दोष गावाचा. तुझा कधीच नसायचा.

माझ्या मेहुण्याने मस्कतहून जपानी डेक आणला तेव्हा तो घोटाळा बाहेर आला. तू दौऱ्यावर होतास. वहिनींकडून मी 'परतूर पॅसेंजर' मागून नेली, नव्या डेकचा आवाज बघावा म्हणून. लावली आणि मला वाटलं कॅसेट बदलली. पियानो धावत सुटला होता. मागचे लोक धापा टाकत म्हणत होते. आणि ज्याच्या भरदार, सुस्त, रात्री जेवून बसल्यासारख्या आवाजावर तू व्याख्यानं दिली होतीस, ज्याला तू 'आपला म्हातारा' म्हणायचास, तो म्हातारा एक बाई निघाली. तरणी, तिखट आवाजाची बाई. तुझ्या हळू टेपने तिचा आवाज जाड केला होता. मी खुर्चीतून पडेस्तोवर हसलो. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. इतक्या वर्षांचा तुझा तोरा एका मोटरीने उतरवला, याहून सुंदर काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

तू परत आल्याच्या संध्याकाळी मी डेक रिक्षात घालून तुझ्याकडे आलो. वहिनी चहा टाकत होत्या. मी कॅसेट लावली. तू पूर्ण ऐकलीस. तुझा चेहरा हलला नाही, फक्त ती बाई म्हणायला लागली तेव्हा तू एकदा टेपकडे बघितलंस, माझ्या डेककडे नाही, कोपऱ्यातल्या तुझ्या टेपकडे. गाणं संपलं.

"काय," मी म्हणालो. "आपला म्हातारा!"

"बंद कर ते," तू म्हणालास. "बाईला गाडी गाठायची हाय."

"अरे, हीच खरी चाल आहे. तुझा टेप बिघडलेला आहे. स्क्रू फिरवला की—"

"हात लावायचा न्हाई."

"म्हणजे तू चुकीचंच ऐकत बसणार?"

"ते लोक घाईत होते, सुध्या. स्टुडिओचं भाडं चढत आसंल. त्यांना वाजवायचं आसंच होतं." आणि कोपऱ्यातल्या त्या खटाऱ्याकडे बोट दाखवलंस. "मी त्यांना टाइम दिला."

मी तुझ्या तोंडावर तुला मूर्ख म्हणालो. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "भावजी, कोणतंबी लावा, पण एकच लावा. डोकं फिरून राह्यलं." त्यानंतर महिनाभर आपण बोललो नाही. मग बोललो, पण या विषयावर प्रत्येक भेटीत भांडलो. तू ऐकायचास तुझ्याच चालीत, मुद्दाम, मी जिना चढताना आवाज वाढवून. मी दारातूनच म्हणायचो, "म्हातारीला हाक मार." कितीतरी वर्षं हे चाललं. कॅसेटी जाऊन सीडी आल्या, तुझ्या केसांची रया गेली, कंपनीत तुझ्या हाताखालची पोरं तुझ्यावर साहेब होऊन बसली. तू फील्ड ऑफिसरच राहिलास. त्याबद्दल तू कधी अवाक्षर काढलं नाहीस, मी काढलं तर नाक मुरडायचास. मला वाटतं, ज्यांना कोणी विचारत नाही त्यांची बाजू तू उगाच घेतली नव्हतीस. पण हे मी बोललो असतो तर तू मला घराबाहेर काढलं असतंस, म्हणून बोललो नाही.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी तुझा शंतनू माझ्याकडे आला. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो म्हणून त्याला सगळं सोपं वाटतं, पण पोरगा वाईट नाही. म्हणाला, "काका, तेराव्याला भांडीबिंडी वाटण्यापेक्षा बाबांच्या गाण्यांची सीडी करून वाटावी म्हणतो. कॅसेटी मी कॉम्प्युटरवर घेतो. तुमच्याकडचा डेक पाहिजे. बाबांचा टेप स्लो आहे ना? बरोबर स्पीडला करू."

बघ विनायक, तुझ्या पोराच्या तोंडून. बरोबर स्पीडला. इतकी वर्षं मी जे ओरडून सांगत होतो ते त्याने सहज म्हटलं, जसं काही त्यात वादच नव्हता. मी जिंकलो होतो. तू उत्तर द्यायला नव्हतास. मी म्हणालो, "कर." डेक काढून दिला, वरून एक स्वच्छ फडकंही दिलं. तो गेला आणि मला जेवण गेलं नाही. हिने विचारलं काय झालं, तर तिच्यावरच खेकसलो.

कारण मला तेव्हा कुठे कळलं की तुझी चाल जगात एकाच ठिकाणी आहे. ना कोलंबियात, ना त्या बाईकडे, ना रामीरोकडे. एका बिघडलेल्या मोटरीत. ती काढली की झालं, मग तू काय ऐकत होतास हे कोणालाच सांगता येणार नाही. राहील ती सीडी, बरोबर, चकचकीत, आणि तिच्यात तू कुठेच नसशील. त्या शोकसभेतल्या फोटोसारखी.

आज तुझा तेरावा झाला. संध्याकाळी घरी येऊन हे लिहायला बसलोय.

गच्चीवर मांडव होता. परतूरचे सगळे आले होते, तुझे काकासुद्धा, वरातीचा राग अजून तोंडावर. कंपनीचे साहेब आले, तेच, मनमिळाऊवाले. पंगत बसली, पानं वाढून झाली, वरणावर तूप पडलं. शंतनूने हात जोडून सांगितलं, बाबांची आवडती गाणी आहेत, आणि सीडी लावली. पहिलीच 'परतूर पॅसेंजर'. धावायला लागली. ती बाई आली. साहेबांनी मान डोलवली. कोणीतरी म्हणालं, "वा, मस्त आहे की, नाचायला होईल." मी मान खाली घालून पानातल्या मिठाकडे बघत होतो.

सुमनवहिनी जिन्याच्या तोंडाशी बसल्या होत्या, बायकांमध्ये. त्यांनी जरा वेळ ऐकलं. मग शंतनूला हाक मारली. "काय लावलंय रे हे? त्यांची गाणी लाव की."

"आई, हीच बाबांची आहेत."

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "ही कोण बाई? हे त्यांचं न्हाई."

"अगं, त्यांचा टेप खराब होता, म्हणून ते तसं वाजायचं. हे ओरिजिनल आहे. काकांना विचार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. ज्या बाईने वर्षानुवर्षं त्या आवाजाने डोकं फिरतं म्हणून कपाळाला बाम चोळला, ती मला विचारत होती की माझा नवरा काय ऐकत होता. खरं सांगायचं तर ओरिजिनल हेच होतं. आजही मी तेच म्हणीन. तुझा टेप बिघडलेलाच आहे, तुझं म्हणणं मूर्खपणाचंच होतं, आणि त्या बाईवर तू अन्याय केलास.

मी पानावरून उठलो. वाढलेल्या पानावरून, हो. तुझे काका काहीतरी पुटपुटले. खाली तुझ्या खोलीत गेलो, कोपऱ्यातला खटारा काखोटीला मारला, वर आणला, मांडवाच्या बोर्डात पिन खुपसली. शंतनूने सीडी बंद करून काढून घेतली. खोक्यातून लाल डागांची ती कॅसेट आणलीच होती. लावली.

पियानो थांबला, निघाला, पुन्हा थांबला. मागचे लोक जागे झाले. आणि मग तो भरदार, सुस्त, न जन्मलेला म्हातारा गायला लागला, आणि विनायक, मला रडू फुटलं. साहेबांच्या शेजारी, सगळ्यांदेखत. काय करणार.

पंगतीत कोणाला काही कळेना. साहेबांनी रुमाल काढावा की नाही हे त्यांचं ठरेना. काकांनी घासाला हात घातला तर वहिनी जागेवरून म्हणाल्या, "थांबा. होऊ द्या त्यांचं." काका थांबले. सगळे थांबले. भात निवत चालला, तूप थिजायला लागलं. बऱ्याच वेळाने काका न राहवून म्हणाले, "सूनबाई, संपलं का हे?"

"न्हाई अजून," वहिनी म्हणाल्या. "त्यांचं सावकाश आसतं. बसा."

माझ्या डेकवर ते गाणं केव्हाच संपलं असतं.